लाल मण्याची गोष्ट



आजची गोष्ट माझ्याच एका चुकीपासून सुरू होते. सांगताना अजूनही मान खाली जाते. पण मुलांच्या चुकांवर लाल पेनानं गोल काढणाऱ्या बाईंनी स्वतःची चूक लपवली, तर ते बरं दिसेल का? म्हणून सांगूनच टाकते.

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात आहे. गेल्या वर्षीचा हिवाळा होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली, पोट्टे दप्तरं घेऊन पळाले. चौथीतला एक मुलगा मात्र दाराशी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी नवल सांगायचं होतं.

"बाई, आमच्या आजीची मशीन तिले हाय म्हणते!"

"कोणती मशीन रे?"

"साखरेची. काकांनी पुण्याहून आणली ना, ते. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर लावला का आकडा येते. काल आकडाच नाही आला. एच आणि आय आलं. आज सकाळीबी तेच. हाय!"

मला हसू आलं. म्हटलं, "मग आजीला सांग, तूही हॅलो म्हण!" तोही हसला, मीही हसले. त्याला इंग्रजी अक्षरं बरोबर वाचता आली म्हणून शाबासकीही दिली आणि कुलूप लावून घरी निघाले.

सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारी आला तो गप्प होता. आजीला रविवारी रात्री ग्लानी आली होती. घरच्यांनी जीप करून मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर फारच वाढली होती, वेळेवर आणलं म्हणून बरं.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या यंत्राचं 'हाय' म्हणजे नमस्कार नव्हता. इंग्रजीत उंच किंवा जास्त याला जो शब्द आहे, त्याची ती पहिली दोन अक्षरं होती. रक्तातली साखर उपाशीपोटी साधारण शंभराच्या आत असावी लागते. बऱ्याच यंत्रांना सहाशेपर्यंतच मोजता येतं. त्याच्याही वर साखर गेली, की यंत्र आकडा न दाखवता ही दोन अक्षरं दाखवतं. म्हणजे ते ओरडून सांगत होतं, "माझ्या मापाच्या बाहेर गेलं, धावा!" आणि आम्हाला वाटलं, ते रामराम करतंय.

त्या मुलानं मला एकच प्रश्न विचारला. "बाई, चूक आजीची होती का?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा. आजीची नाही, तुझीही नाही. थोडी माझी होती. मी विचारायला हवं होतं." पण उत्तर इथं संपत नव्हतं, हे मलाही कळत होतं. दोन दिवस तोच विचार डोक्यात फिरत राहिला. ज्या आजीला मराठीही जेमतेम वाचता येतं, तिच्या हातात दिलेलं यंत्र इंग्रजीत, तेही अर्धा शब्द का बोलतं? ते बनवणाऱ्यानं कधी अशी आजी पाहिली असेल का?

आणि मग मला आठवली ती लाल मण्याची गोष्ट. ती आपल्या विदर्भातलीच आहे.

सेवाग्रामचा विद्यार्थी

आमच्या वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १९३७ साली वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली. तिथं गांधीजींनी मांडलेली शिक्षणाची पद्धत पुढं 'नई तालीम' नावानं ओळखली जाऊ लागली. हातानं काम करता करता शिकायचं, हे तिचं सूत्र. सेवाग्रामच्या अशा शाळेत पुढं एक मुलगा शिकला. त्याचं नाव अभय बंग. वनस्पती बागेत पाहून शिकायच्या आणि गणित गाईगुरांच्या हौदावरून, अशा या शाळेबद्दल त्यांनी मोठेपणी फार गोड लिहिलं आहे.

अभय बंग डॉक्टर झाले. त्यांच्या पत्नी राणी बंग याही डॉक्टर. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परत आले आणि १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात राहायला गेले. त्यांच्या संस्थेचं नाव 'सर्च'. तेव्हा गडचिरोलीत जंगल दाट, रस्ते कमी आणि दवाखाने फार दूर. तिथं लहान लहान बाळं दगावत होती. कारण शोधता शोधता एक मोठं कारण हाती लागलं, ते म्हणजे न्यूमोनिया. आपल्याकडच्या जुन्या बाया याला 'डबा' म्हणतात.

न्यूमोनियात काय होतं? आपल्या फुफ्फुसांत हवेच्या लहान लहान पिशव्या असतात. जंतूंमुळे त्या सुजतात, त्यांत पाणी आणि पू साचतो. मग हवा आत जायला जागाच उरत नाही. शरीराला प्राणवायू कमी पडला, की बाळ भराभर श्वास घ्यायला लागतं. म्हणजे श्वास मोजले, की आजार ओळखता येतो! त्यासाठी क्ष-किरणांचं यंत्र लागत नाही की रक्ताची तपासणी. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, किंवा दोन महिने ते एक वर्षाचं बाळ पन्नास किंवा जास्त वेळा, तर धोक्याची खूण समजायची. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा चाळीस आहे.

औषधही होतं. ते गावातच द्यायचं, पण कोण देणार? प्रत्येक गावात एक माणूस असा होता, जो बाळाच्या घरी रात्री-अपरात्री पोहोचायचा. ती म्हणजे दाई. बाळंतपणं करणारी, साऱ्या गावाच्या विश्वासाची बाई.

पण इथं गाडी अडली. दाई शाळेत गेलेली नव्हती. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, असतं तरी वाचता येत नव्हतं. आणि मोजणं? दहा-बारापर्यंत ठीक. पन्नास आणि साठ कुठून मोजणार?

मुलांनो, इथं थोडं थांबा. पुढचं वाचायच्या आधी स्वतःला विचारा, तुम्ही असता तर काय केलं असतं?

आमच्या वर्गात मी हे विचारलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "दाईबाईला शाळेत घाला!" दुसरं आलं, "तिच्याऐवजी शिकलेली बाई ठेवा." मोठी माणसंही बहुधा हेच म्हणतात. पण आज रात्री ज्या बाळाला धाप लागली आहे, ते दाई शंभरपर्यंत उजळणी शिकेपर्यंत थांबेल का? आणि दुसरी शिकलेली बाई त्या गावात होतीच कुठं?

दोन ओळी, काही मणी आणि वाळू

बंग दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. दाईला काय येत नाही, याची यादी न करता तिला काय येतं, ते पाहिलं. तिला दहा मोजता येतात, मणी सरकवता येतात, रंग ओळखता येतात आणि बाळाच्या पोटाकडे टक लावून पाहता येतं. एवढ्या भांडवलावर त्यांनी एक साधं उपकरण केलं. श्वास मोजायचं ते यंत्र, इंग्रजीत 'ब्रेथ काउंटर'. १९९२ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध बालरोगतज्ज्ञांच्या एका भारतीय मासिकात प्रसिद्ध झाला.

त्यात एक वाळूचं घड्याळ होतं, बरोबर एका मिनिटात रिकामं होणारं. शेजारी तारेत ओवलेले मणी. अगदी तान्ह्या बाळांसाठी एक ओळ आणि त्यांच्याहून मोठ्या बाळांसाठी दुसरी. ओळीतला शेवटचा मणी लाल.

वापरायचं कसं? घड्याळ उलटं करायचं. वाळू पडायला लागली, की बाळाचं पोट वर-खाली होताना पाहायचं आणि श्वास मोजायचे. दहा झाले, की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. पुन्हा एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. लाल मण्याआधीच वाळू संपली, तर श्वास ठीक आहे. झालं!

पाहा, यात किती गोष्टी आपोआप सुटल्या. घड्याळ वाचायचं काम वाळूनं केलं. साठपर्यंत मोजायचं काम मण्यांनी केलं. आणि 'पन्नास म्हणजे जास्त की कमी?' हे ठरवायचं काम लाल रंगानं केलं. दाईला आकडा पाठ ठेवायला नको, कोणाला विचारायला नको. तिचे डोळे मोकळे राहिले ते बाळाकडे पाहायला. खरं काम तर तेच होतं.

एखादी वस्तू, यंत्र किंवा पडदा बनवताना तो वापरणाऱ्या माणसाला आधी समोर बसवायचं, त्याच्या सवयी, त्याचे हात, डोळे, भाषा पाहायची आणि मग रचना करायची, याचं आज जगभर शास्त्र झालं आहे. मोठमोठ्या कॉलेजांत ते शिकवतात. गडचिरोलीच्या दाईच्या हातातलं ते मण्यांचं यंत्र मला या शास्त्राचा फार छान धडा वाटतो.

गावातल्या माणसांवर असा विश्वास टाकला, तर काय होतं, याचाही हिशोब आहे. बंग यांच्या चमूनं गडचिरोलीतल्या ५८ गावांत आरोग्य कार्यकर्ते आणि दाई यांच्याकडून न्यूमोनियावर उपचार करवले. तुलनेसाठी दुसरी ४४ गावं घेतली. १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात त्याचे निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या आजारी मुलांपैकी १ टक्क्याहूनही कमी दगावली. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण १३ टक्क्यांहून जास्त होतं. शंभर आजारी बाळांत तेरा आणि एक, केवढा हा फरक!

पुढं याच भागात नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायचं काम उभं राहिलं. २०११ पासून देशभरातल्या आशा ताई तशाच पद्धतीनं घरोघरी जातात. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी आणि श्वास मोजायला घड्याळ असतं. शिकलेल्या ताईंना घड्याळ चालतं. म्हणजे वापरणारं माणूस बदललं, की यंत्रही बदलतं. मणीच सगळीकडे हवेत असं नाही.

शिकलेल्यांचं काय?

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, "बाई, हे न शिकलेल्यांसाठी ठीक. शिकलेल्या माणसाला कशाला हवेत रंग आणि मणी?"

तर ऐका. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातल्या काही दवाखान्यांत 'थेराक-२५' नावाचं यंत्र होतं. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचं. ते चालवणारी माणसं चांगली शिकलेली, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेली. यंत्राच्या आतल्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये दोष होता आणि कधी कधी ते ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त किरण सोडायचं. अशा काही वेळी पडद्यावर काय उमटलं ठाऊक आहे? 'बिघाड ५४'. बस! ५४ म्हणजे काय, हे यंत्रासोबतच्या पुस्तकातही नीट सांगितलेलं नव्हतं. असे आकडे पडद्यावर वारंवार यायचे. एक कळ दाबली की यंत्र पुढं चालू व्हायचं. चालवणाऱ्यांना त्याची सवयच झाली होती. त्यांनी कळ दाबली. निदान सहा रुग्णांना भयंकर मात्रेत किरण लागले आणि त्यांतले काही दगावले.

आमच्या आजीचं 'हाय' आणि तिकडचं 'बिघाड ५४', दोन्ही एकाच जातीचे. यंत्राला धोका कळला होता, पण माणसाला कळेल असं ते बोललं नाही. आणि दोन्ही ठिकाणी लोक पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "वापरणाऱ्यालाच समजलं नाही!"

चांगली उदाहरणंही आहेत बरं का, आणि ती तुमच्या गावातच सापडतील. पोलिओच्या डोसाची बाटली पाहा. लेबलवर एक गोल आणि त्यात एक लहान चौकोन असतो. बाटलीला उन्हाची झळ लागली, थंड पेटीतून ती फार वेळ बाहेर राहिली, की चौकोन काळसर होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तर डोस द्यायचा. गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला, तर बाटली बाजूला. नर्सताईंना ती बाटली गावापर्यंत कोणत्या वाटेनं आली हे पाहता येत नाही, पण चौकोन सारं सांगतो. दुसरं उदाहरण अंगणवाडीत आहे. बाळाच्या दंडाला गुंडाळायची पट्टी. हिरव्यात आलं तर छान, पिवळ्यात आलं तर जपा, लाल आलं तर बाळ फार अशक्त आहे, लगेच दाखवा. आकडे त्याच पट्टीवर छापलेले असतात, पण रंग आधी दिसतो.

आमच्या पाट्या आणि आजीचं उत्तर

मंगळवारीच आम्ही वर्गात ठरवलं, आजीच्या यंत्रानं काय दाखवायला हवं होतं, ते आपण काढायचं. सगळ्यांनी पाट्या घेतल्या. एकीनं रडणारा चेहरा काढला. शेजारची म्हणाली, "एवढा बारीक? आजीले चश्मा लागते ना!" मग चेहरा पाटीभर झाला. एकानं सारी पाटी लाल खडूनं रंगवली. त्यावर मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा हळूच म्हणाला, "पण लाल तं कुंकूबी असते. आजीले वाटन, चांगलं झालं." मी चकित झाले. हा विचार माझ्याही मनात आला नव्हता. आणखी एकानं सुचवलं, "मशीननं गायीवाणी हंबरावं!" वर्ग हसला, पण सूचना वाईट नव्हती. ज्याला दिसत नाही, त्याला ऐकू तर येतं.

आजी पंधरा दिवसांत घरी आल्या. आम्ही पाच-सहा जण पाट्या घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. मी मुलांना आधीच बजावलं होतं, काही समजावून सांगायचं नाही. पाटी दाखवायची आणि गप्प बसायचं. आजींनी एकेक पाटी पाहिली. रडका चेहरा पाहून म्हणाल्या, "हे कोन पोरगं रडते?" लाल पाटी पाहून म्हणाल्या, "होळी आली का?" मुलांचे चेहरे पडले.

मग आजींनी स्वतःच सांगितलं. "मायबाई, जास्त झालं का कमी झालं, ते मले कशाले सांगता? आता का करू, ते सांगा. पानी पिऊ, का गोळी घेऊ, का पोराले फोन लावू?"

मुलांनो, मी पंधरा वर्षं शिकवते आहे, पण त्या दिवशी ओसरीवर मी विद्यार्थिनी होते. आम्ही सारे यंत्राचा निकाल कसा दाखवायचा, यावर डोकं चालवत होतो. आजीला निकाल नकोच होता, तिला पुढचं पाऊल हवं होतं. गडचिरोलीचा लाल मणी तेच करत होता. तो दाईला आकडा सांगत नव्हता. तो सांगत होता, 'औषध दे.'

यंत्र तर आम्हाला बदलता येत नव्हतं. मग मुलांनी जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला. यंत्राच्या पडद्यावर उमटतात तशीच ती दोन अक्षरं मोठी काढली. शेजारी फोनचं आणि दवाखान्याच्या गाडीचं चित्र काढलं. खाली आजीच्या मुलाचा आणि आशा ताईंचा नंबर ठळक लिहिला. साखर फार कमी झाली की यंत्र वेगळी दोन अक्षरं दाखवतं, तोही धोकाच. त्यासाठी दुसरा पुठ्ठा केला. त्यावर साखरेचा डबा, चमचा आणि फोन. आशा ताईंनी दोन्ही पुठ्ठे तपासले, एक दुरुस्ती सुचवली. आता ते आजीच्या खाटेजवळ खिळ्याला टांगले आहेत. "हे समजते," असं आजी म्हणाल्या, तेव्हा त्या चौथीतल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

आणि माझं म्हणाल, तर मीही एक गोष्ट शिकले. वर्गात एखाद्याला गणित समजलं नाही, की पूर्वी मी म्हणायची, "लक्ष कुठं आहे तुझं?" आता आधी स्वतःला विचारते, माझा फळा त्याला 'हाय' तर म्हणत नाही ना?

करून पाहा

१. वीस-तीस चिंचोके घ्या. समोर घड्याळ ठेवा. मित्राला शांत बसवून एक मिनिट त्याचे श्वास नुसते मनात मोजा. मग दर पाच श्वासांना एक चिंचोका सरकवून पुन्हा मोजा. कोणत्या वेळी गोंधळ कमी झाला? तुमच्या वयाच्या मुलांचे श्वास स्वस्थ बसल्यावर मिनिटाला साधारण वीसच्या आसपास भरतात. पळून आल्यावर किती होतात, तेही पाहा.

२. घरातलं एक उपकरण निवडा. तापमापी, वाफेचं यंत्र, औषधाचं मापाचं झाकण, काहीही. आजी-आजोबांना ते वापरताना नुसतं पाहा. मध्ये बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. त्यांचा हात कुठं अडतो, डोळे कुठं बारीक होतात, ते वहीत टिपा. तिथं काय बदललं तर सोपं होईल, त्याचं चित्र काढा. आणि हो, ते चित्र आधी त्यांनाच दाखवा!

एक मात्र लक्षात ठेवा. आपण डॉक्टर नाही. घरातलं बाळ भराभर श्वास घेत असेल, दूध पीत नसेल किंवा एखादं यंत्र न समजणारं काही दाखवत असेल, तर स्वतः औषध द्यायचं नाही. लगेच मोठ्यांना आणि आशा ताईंना सांगायचं. आणि सांगितल्यावर कोणी माझ्यासारखं हसलं, तर पुन्हा सांगायचं. ते ऐकेपर्यंत सांगायचं.

तुमच्या वहीत काय काय टिपलं, ते मला नक्की कळवा. चांगली चित्रं आपण याच पानावर पाहू.

तुमच्या,
बाई